वकील गेल्यावर

वकील म्हणजे कुत्रा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे घोळ होतो. दुकानात येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांचाही व्हायचा. मास्तर कापड कापता कापता कात्री थांबवून म्हणायचे, "वकीलसाहेब, तिला सांगा, या कोटाला काळं अस्तर लागेल," आणि गिऱ्हाईक बिचारं मागे वळून काळ्या डगल्यातला माणूस शोधायचं. मग टेबलाखालून एक तांबूस कुत्रा उठायचा, अंग ताणून आळस द्यायचा आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, शिलाई मशीनपाशी जाऊन बसायचा. मशीनवरची बाई पाय थांबवायची. "वकील, त्याला सांग, काळं अस्तर संपलंय. कालच सांगितलं होतं. कान कुठे गहाण ठेवले होते ते विचार." की निघाले वकीलसाहेब परत टेबलाकडे. जिथे जातील तिथे बिस्किटाचा तुकडा मिळायचा, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

मशीनवरची बाई म्हणजे मास्तरांची सख्खी बहीण. केस पांढरे झाले तरी सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण आई म्हणायची. मास्तर कापायचे, धाकटी शिवायची, दुकानाच्या मागे दोन खोल्या, त्यात दोघं राहायची. लग्न दोघांनीही केलं नाही. आणि तपभर झालं, दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेली नव्हती.

कारण काय, तर आई. आई मागच्या खोलीत शेवटच्या दुखण्यात होती आणि शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर गावाबाहेर पोचवायची होती. धाकटी म्हणाली, मी नाही जात. मास्तर म्हणाले, "जा गं, आई बरी आहे आज. मी आहे ना." ती गेली. परत आली तेव्हा आईच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. शेजारीण पचकलीच, की अगं, तुझ्या नावाने किती हाका मारल्या शेवटी! धाकटीने भावाकडे बघून सांगितलं, "मेले तरी तुझ्याशी बोलणार नाही."

आता रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते बोलतं आणि चार दिवसांनी विसरतं. ही विसरली नाही. मास्तरांनी वर्षभर मिनतवाऱ्या केल्या, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी. हट्ट म्हणजे किती असावा माणसाला! आणि मनातून ती झुरत होती, हेही खरं. पण बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग एके दिवशी चिंध्यांच्या ढिगात एक पिल्लू येऊन झोपलं. मास्तर चिखलाच्या पायांनी आत आले आणि धाकटी पिल्लाला म्हणाली, "याला सांग रे, पाय पुसून ये म्हणावं." वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडून भावासाठी काही निघालं होतं. मास्तरांनी इतके घासून पाय पुसले की पायपुसण्याचे दोरे निघाले. मग ते पिल्लापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "तिला सांग, पुसले." झालं! त्या दिवशी वकिलाला वकिली मिळाली.

तेवढ्यावर संसार चालला. भाजीत मीठ कमी, दिवा बंद कर, ताप उतरला का, सगळं वकिलामार्फत. वकील उठून चालत आला की समजायचं, काहीतरी बोलणं झालंय. मशीनच्या घरघरीत ऐकू आलं नसलं, तर धाकटी त्याच्याकडे बघून विचारायची, "काय म्हणतोय तो?" आणि मास्तर पुन्हा, मोठ्याने सांगायचे. गिऱ्हाइकं हसायची. ही दोघंही कधीकधी हसायची, पण कुत्र्याकडे बघून.

वकील म्हातारा झाला, धापा टाकायला लागला. मास्तर त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तरुण बाई होती, हुशार, जरा फटकळ. तिने सांगितलं, हृदय कमजोर झालंय. रोज सकाळी एक गोळी. एकच हं, जास्त झाली तर हेच औषध विष होतं. मास्तर गोळ्यांचं पाकीट घेऊन आले आणि खिशात ठेवलं. धाकटीचा जीव टांगणीला. डॉक्टर काय म्हणाली, ते भावाला विचारायची सोय नाही, आणि वकील तर मलूल पडलेला, त्याला कुठे उठवायचं? म्हणून दुसऱ्या दिवशी ती स्वतःच जाऊन विचारून आली. डॉक्टरने तेच सांगितलं. मास्तरांनी औषध नेलंय की नाही ते डॉक्टरला नीट आठवेना, म्हणून तिलाही एक पाकीट दिलं.

मास्तर पहाटे उठायचे, गोळी दुधात घालून द्यायचे आणि म्हणायचे, "तिला सांग, आजची गोळी दिली." रोज सांगायचे. नियमाने सांगायचे. पण वकील काही उठायचा नाही. पडल्या पडल्या शेपटी आपटायचा, बस. धाकटी आत मोरीत, नळ सुरू. मग ती पदराला हात पुसत बाहेर यायची आणि पावाच्या तुकड्यात गोळी दडवून त्याला भरवायची. "त्याला सांग, मी दिली हो," ती म्हणायची. तेव्हा मास्तर दुकानाचं शटर वर करत असायचे.

वकील ओकायला लागला. दोघांनाही वाटलं, दुखणं बळावलं. दोघांनीही गोळी चुकू दिली नाही.

शेवटच्या दिवशी त्याला चादरीत घालून दोघांनी दोन टोकं धरून नेलं. डॉक्टरने तपासलं, डोळे उघडून पाहिले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "गोळी कोण देत होतं?"

"मी," मास्तर म्हणाले.

"मी," धाकटी म्हणाली.

दोघांचं एकदमच आलं. डॉक्टरने आधी मास्तरांकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "तुम्ही एका घरात राहता ना?" तिने विचारलं. धाकटीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. टेबलावर वकिलाने एक लांब श्वास घेतला, आणि पुढचा घेतला नाही.

त्यानंतर घरात जो शुकशुकाट झाला, तो आईच्या पाठीमागेही नव्हता. भांडायलाही तोंड लागतं. एकमेकांवर खापर फोडलं असतं तरी बरं झालं असतं, पण फोडणार कुणाच्या तोंडाने? मास्तर कापलेल्या कापडावर खडूने खुणा करून ठेवायचे. धाकटी त्या वाचून शिवायची, इस्त्री फिरली की खडू उडून जायचा. एका नवऱ्या मुलाच्या कोटाला बाह्या उलट्या लागल्या. एकीचा झगा इतका आखूड झाला की तिची आई दुकानात येऊन तोंडाला येईल ते बोलून गेली. रात्री मास्तर ताटावरून अर्धपोटी उठायचे. का रे, जेवत का नाहीस, एवढंच विचारायचं होतं तिला. वाक्य ओठापर्यंत यायचं आणि डोळे आपोआप जमिनीकडे जायचे, ऐकणारा शोधायला.

अशात एका दुपारी डॉक्टर स्वतःच दुकानात आली. शिवायला काही आणलेलं नव्हतं. स्टुलावर बसली आणि तिने विषयालाच हात घातला.

"एक कुत्री आहे माझ्याकडे. मालक वारला. तिला फिट येतात, गोळी सकाळ-संध्याकाळ लागते, नजर ठेवावी लागते. कुणी नेत नाही. दिवसभर घरात माणूस असतं असं तुमचंच घर माझ्या डोळ्यांसमोर आलं. खरं सांगायचं तर तुमच्या हाती मी उंदीरसुद्धा देऊ नये. पण पाकिटं दोन मीच दिली होती. एका घरातली माणसं एकमेकांशी बोलत असतील, असं धरून चालले. ती चूक माझी."

मास्तरांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. धाकटीने ते पाहिलं.

"अट एकच," डॉक्टर म्हणाली. "उद्या या. कुणी कुठली गोळी द्यायची, ते माझ्यासमोर एकमेकांना सांगा. तोंडाने. तेवढं जमलं तर न्या तिला. नाही जमलं तर तिचं काय करायचं ते मी बघेन." काय करणार, ते तिने सांगितलं नाही, पण तिच्या आवाजावरून कळलं.

त्या संध्याकाळी धाकटी कपडे घालून बघायच्या खोलीत गेली, पडदा ओढला आणि आरशासमोर उभी राहिली. "दादा, सकाळची गोळी तू दे. संध्याकाळची मी देते." पहिल्यांदा नुसता श्वासच बाहेर आला. मग घोगरा आवाज. "दादा" या शब्दाशी गाडी अडायची. तपभर उच्चारला नव्हता तो. घोकत बसली, घोकत बसली. आपण हे सुरू केलं, आपणच मोडायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. कुत्रीसाठी तर खरंच, पण खरी गोष्ट म्हणजे तिला भाऊ परत हवा होता. त्याचे हात आताशा कात्री धरताना थरथरत. किती दिवस राहिलेत, कुणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुत्री त्यांच्या मधे येऊन बसली. काळी, मध्यम अंगाची, माणसाळलेली. मास्तरांचा हात लगेच तिच्या डोक्यावर गेला.

"बोला," डॉक्टर म्हणाली.

धाकटीने मान वर केली, खाली पाहायचं नाही असं स्वतःला बजावलं आणि भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं. किती म्हातारा झाला होता! कुत्र्याकडे बघून बोलता बोलता त्याचा चेहरा बघायचाच राहून गेला होता.

"दादा," ती म्हणाली, "सकाळची गोळी तू दे. संध्याकाळची मी देते."

मास्तरांनी कुत्रीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"बरं," ते म्हणाले. तिच्याकडे बघून म्हणाले.

डॉक्टरने सुटकेचा निःश्वास टाकला, गोळ्यांचं एकच पाकीट धाकटीला दिलं आणि पट्टा मास्तरांच्या हातात. धाकटीला रडू येत होतं, हसूही येत होतं. जमलं की! इतकं सोपं होतं, आणि एवढ्यासाठी एवढी वर्षं जाळली!

दारात पोचल्यावर मास्तर थांबले. रस्त्याच्या टोकाला बस दिसत होती. ते उत्साहाने खाली वाकले, कुत्रीच्या कानापाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "तिला सांग, बस आली, पाय उचल म्हणावं."

कुत्रीने मान वळवून धाकटीकडे पाहिलं. मग दोन पावलं चालून तिच्यापाशी आली, बसली आणि शेपटी हलवायला लागली.

धाकटीच्या काळजाचं पाणी झालं. मास्तरांना काही कळलंसुद्धा नव्हतं. ते तसेच वाकलेले, हसरे, उत्तराची वाट बघत होते. आणि तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं! त्याला सांग, मला काही पंख नाहीत. आपसूक आलं होतं, गोड लागत होतं. ते तिने गिळलं. तिने भावाच्या हातून पट्टा काढून घेतला, आत गेली आणि डॉक्टरच्या टेबलावर पाकीट ठेवलं.

"आम्हाला नका देऊ."

"अहो, आत्ता तर बोललात की! पहिल्याच दिवशी सगळं थोडंच जमतं?"

"तुमच्यासमोर जमलं. घरी आम्ही हिच्याच तोंडाने बोलू, आणि हीसुद्धा एक दिवस उठायची नाही." तिचा आवाज फुटला. "एक मारला, डॉक्टर. दुसरी नाही मारायची. दुसरं घर बघा हिच्यासाठी, मी हात जोडते."

डॉक्टरने पट्टा घेतला. कुत्री दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. धाकटीने तिला हात लावला नाही, लावला असता तर काढवला नसता.

बाहेर बस निघून गेली होती. मास्तर फुटपाथवर रिकाम्या हातांनी उभे होते. त्यांनी तिच्या पायांपाशी पाहिलं, मागे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आणि मग त्यांचं तोंड एखाद्या लहान पोरासारखं वाकडं झालं.

"दादा," ती म्हणाली, "मी परत दिली तिला. मीच. माझ्यावर ओरड. ते आईचं काढ, गोळ्यांचं काढ, शिव्या दे. पण माझ्याकडे बघून दे."

येणारीजाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मास्तरांनी तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. नजर तिच्या हनुवटीपर्यंत यायची आणि खाली घसरायची. बारा वर्षांपूर्वी हाच माणूस तिच्यामागे हात जोडत फिरत होता, एक शब्द बोल म्हणून.

"सवय गेली गं तुझी," शेवटी ते म्हणाले.

तिने पुढच्या शब्दाची वाट पाहिली. दुसरी बस आली. ती चढली, ते चढले, शेजारी जागा असूनही ते मागच्या बाकावर जाऊन बसले. घरी आल्यावर तिने पान वाढलं आणि विचारलं, "दादा, मीठ बरोबर आहे ना?" मास्तर ताटाकडे बघत जेवत राहिले. तिने पुन्हा विचारलं.