फुकटचं सरपण

मोरिवलीतल्या आवडीला एक सिलिंडर अडीच महिने पुरवायचा होता, म्हणून आंघोळीचं पाणी ती मागच्या दारी चुलीवर तापवायची. सरपण फुकट होतं. नवरा हिरामण एमआयडीसीतल्या त्याच्या कंपनीतून माल ठेवायच्या लाकडी फळ्या आणायचा. त्यांच्यावर केमिकल सांडलेलं असायचं. जाळ हिरवा यायचा, आणि सासू बनूबाईंचा खोकला महिनाभर हटत नव्हता.

"साहेबाला सांगा, चांगल्या फळ्या द्या म्हणावं."

"चांगल्या भंगारवाला पैसे देऊन नेतो. ह्या फेकायला कंपनीलाच खर्च येतो, म्हणून आपल्याला देतात."

"आणि तुम्ही वर थँक्यू म्हणून येता?"

बनूबाई खोकत म्हणाल्या, "जळू दे गं. सिलिंडरपेक्षा खोकला स्वस्त पडतो."

आवडीनं चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. त्या दिवसापासून सगळी थंड पाण्यानं आंघोळ करू लागली.

आठवड्यानं शेजारची सोनिया खूश होऊन सांगत आली, "वहिनी, तुम्ही नको म्हणालात ते बरं झालं. साहेब आता फळ्या आमच्या ह्यांना देतात."

तिची चूल बनूबाईंच्या खिडकीखालीच होती.