खिळ्याची कावीळ

रविवारी सकाळी साकीनाक्याच्या आमच्या टेकडीवर, एका पत्र्याच्या शेडपुढे दीडशे माणसं उन्हात उभी होती. दीड महिना गल्लीच्या नळाला गटाराचा वास येत होता आणि घरोघर कावीळ झाली होती. शेडमध्ये माळवाले महाराज बसले होते. पुढ्यात, ओल्या फडक्यात, हिरव्या काड्यांच्या लहान लहान माळा.

"डॉक्टर कावीळ रक्तात शोधतो, बाळा! मी तिला डोक्यावरून खाली उतरवतो!" महाराज ओरडले. "आज कपाळावर, उद्या गळ्यात, परवा छातीवर. बेंबीपर्यंत आली की गेली पायातून! अटी दोनच. माळेला पाणी लागता नये, अंगाला सुई लागता नये. सुई टोचलीत तर माळ रुसेल. मग रडत येऊ नका!"

मागच्या रविवारी माळ घेतलेल्या एका माणसाने शर्ट वर केला. माळ खरोखर पोटावर लोंबत होती. गर्दीतून "बघ, बघ" असा आवाज उठला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही चकित झालो.

मी आलो होतो ते छत्री धरायला. शेजारच्या प्रेमावहिनींची सून ऋतिका हिला सातवा महिना होता आणि तिचे डोळे हळदीसारखे झाले होते.

"वहिनी, आधी दवाखान्यात..." मी पुटपुटलो.

"जाऊन इलंव ना, भाऊ!" वहिनी फणकारल्या. "इथले म्हणतात, नाव जिथे घातलंय तिथे जा. नाव घातलंय माहेरी, नाहूरला. पहिलं बाळंतपण ना! नाहूरवाले म्हणतात, कावीळ आहे तर मोठ्या इस्पितळात न्या. तिथे सकाळी सातला रांग, आज रक्त, तीन दिवसांनी रिपोर्ट. हिने उभं राहायचं खंय? नि कितीदा?"

मी छत्री ऋतिकावर नीट धरली. निदान दुसरा रस्ता शोधायला तरी हवा होता.

महाराजांनी ऋतिकाच्या डोक्यावर माळ ठेवली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "आजोबा, तुमचेही डोळे पिवळट दिसतात!" नाही म्हणायला मला कधीच जमलेलं नाही. माझ्याही टकलावर माळ आली.

"झकास दिसता, काका," ऋतिका म्हणाली आणि हसली.

घरी येऊन मी माळ काढली. फेकायचा धीर झाला नाही. समजा, माझंच चुकत असेल तर? पुस्तकांच्या कपाटाला बाजूने एक खिळा आहे, त्याला ती अडकवून ठेवली.

सोमवारी ऋतिकाची माळ गळ्यात आली. मंगळवारी सकाळी ती छातीवर होती. समोरच्या जयंती येता-जाता विचारायच्या, "काय गं प्रेमा, आजचा रिपोर्ट काय?" आणि वहिनी बोटांनी मापून सांगायच्या, "दोन बोटं उतरली!" ऋतिका दोन घास खायची आणि तेही ओकायची. त्याकडे कोण बघणार? सगळ्यांची नजर माळेवर.

त्याच मंगळवारी सकाळी पुस्तक काढताना माझा हात खिळ्यावरच्या माळेला लागला. रविवारी ती पहिल्या फळीपर्यंत होती, आता दुसऱ्या फळीच्या खाली लोंबत होती. मी चष्मा लावला आणि एक काडी सोडवून पाहिली. काडी वाळून बारीक झाली होती. तिच्याभोवतीचा दोऱ्याचा घट्ट वेढा सैल पडला होता आणि सुटलेला दोरा सगळा लांबीत गेला होता. प्रत्येक काडीचं तेच. माळेला पाणी लागू द्यायचं नाही ते याचसाठी. ओली काडी वाळणार कशी?

मंगळवारी सकाळी मला कळलं. मी सांगितलं गुरुवारी.

मधल्या वेळात मी काय केलं? कागदावर वाक्यं लिहिली, खोडली. एकदा वहिनींच्या दारात गेलोही. "या भाऊ," त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या, की मी थोडी चहापूड मागितली आणि ती घेऊन परत आलो.

गुरुवारी सकाळी त्यांनीच हाक मारली. "भाऊ, धावत या! बेंबीपर्यंत इली!"

ऋतिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारली तर तिने मला "बाबा" म्हटलं आणि शाळा किती वाजता सुटते, असं विचारलं.

"थकलीय," वहिनी म्हणाल्या. "कालपासून झोपतेच आहे. कावीळ उतरली ना, म्हणून."

मी घरी पळालो. खिळ्यावरची माळ आणली आणि ऋतिकाच्या माळेशेजारी धरली. माझी बोटभर जास्त लांब होती.

"वहिनी, ही रविवारपासून खिळ्याला होती."

"मग?"

"खिळ्याची कावीळ हिच्यापेक्षा जास्त उतरली."

"थट्टा करता? पोरगी अशी पडलीय नि तुम्ही..." त्या थांबल्या. दोन्ही माळा हातात घेतल्या. एक काडी दोऱ्यात फिरवून पाहिली. ती सैल फिरली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"मंगळवारी."

त्यांनी माळा सोडल्या आणि ऋतिकाला उठवून बसवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तोवर दारात आलेल्या जयंती रिक्षा आणायला धावल्या होत्या.

मोठ्या इस्पितळात त्या दिवशी कोणी विचारलं नाही की नाव कुठे घातलंय. डॉक्टर दीप्ती जेमतेम तिशीच्या असतील. त्या म्हणाल्या, "साधी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. गरोदर बाईची गोष्ट वेगळी. तिचं यकृत बघता बघता ढासळू शकतं. दोन दिवस आधी आणली असती..." माझा चेहरा पाहून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

ऋतिका एकोणीस दिवसांनी घरी आली. बाळ आलं नाही.

महाराजांनी शेड हलवली. कुठे, ते ठाऊक नाही. वहिनींनी गल्लीच्या नळाशेजारी फळीवर पाच खिळे ठोकले आणि टेकडीवरच्याच गवताच्या ओल्या काड्या ओवून पाच माळा टांगल्या. बायका पाणी भरताना रोज पाहत होत्या. पाचही माळा लांबत गेल्या. कोणी मान डोलावली, कोणी म्हणालं, "तरी पण, महाराजांची गोष्ट वेगळी." वहिनी त्यांच्याशी भांडल्या नाहीत. नुसतं बोट दाखवलं.

इस्पितळाची रांग अजून सकाळी सातलाच लागते. इथून तिथे आणि तिथून आणखी कुठे, हे पाठवणंही चालूच आहे. महाराज त्याच वाटेत कुठेतरी बसलेले असतात, म्हणून भांडायचं ते इस्पितळाशी आणि महाराजांशी, दोघांशीही.

तुमच्या दारात अशी माळ आली, तर आधी ती खिळ्याला लावून पाहा. पण खिळ्याकडे बघत बसू नका. घरात गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी तिला इस्पितळात न्या, नाव कुठेही घातलेलं असो. आणि मंगळवारी कळलं, तर मंगळवारीच शेजारचं दार वाजवा. आवाज फुटत नसला तरी वाजवा. चहापूड मागून परत येऊ नका.