भरलेलं आणि सजवलेलं बुजगावणं

डोळे मिटा बघू जरा. मिटले? बोटांच्या फटीतून बघायचं नाही हं! आता मनातल्या मनात एक मोठ्ठा पांढरा तंबू उभारा. आत तुडवलेल्या गवताचा ओला वास. लांबलचक मेजांवर डोक्याएवढे कांदे, जॅमच्या बरण्या, फुगलेले केक. बाहेर गावचा बँड तीच ती धून चुकत चुकत वाजवतोय. आणि तंबूच्या कोपऱ्यात, खांबाला टेकून, एक बुजगावणं उभं आहे. हात भरलेले, पाय भरलेले, पोट तर टम्म. पण अंगावर चिंधीसुद्धा नाही!

हसलात ना? यॉर्कशरमधल्या थॉर्नबेक गावची माणसंही हसली. हसत नव्हती ती एकटी टिल्डा अ‍ॅक्रॉइड. कारण त्या गोणपाटात पेंढा भरला होता तिनेच.

थॉर्नबेकला दर ऑगस्टात भाज्याफळांचं प्रदर्शन भरतं. त्यात मुलांसाठी बुजगावण्यांची स्पर्धा असते, आणि तिच्या नावातच तिचा नियम आहे: ‘स्टफ्ड अँड ड्रेस्ड’. म्हणजे भरलेलं आणि सजवलेलं. जोडीतल्या एका मुलाने भरायचं, दुसऱ्याने सजवायचं. एकमेकांच्या कामाला हात लावायचा नाही. यात सवलत नाही, मग तुमचे काका परीक्षक का असेनात.

टिल्डाची जोडीदार होती विनी सग्डेन, तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. विनीने आपल्या मामाचा बँडमधला लाल कोट मिळवला होता, पितळी बटणांचा. सगळं छान चाललं होतं. पण एके दिवशी शाळेच्या भिंतीवर बसून पाय हलवता हलवता टिल्डा सगळ्या पोरांसमोर म्हणाली, “खरं काम भरण्याचं. सजवायचं काय, आमची मांजरसुद्धा सजवेल!”

पोरं खो खो हसली. विनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“असं? मग सांग तुझ्या मांजरीला बटणं लावायला!” ती म्हणाली, आणि कोट काखोटीला मारून घरी गेली. तेव्हापासून दोघींचा अबोला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी टिल्डा हेबलथ्वेट बाईंच्या घरी गेली. या बाईंनी गावातल्या निम्म्या लोकांना शाळेत शिकवलेलं. त्या पायरीवर बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या.

“बाई, मी एकटीनेच दोन्ही केलं तर?”

“तर बुजगावणं तंबूच्या बाहेर, आणि तूही.”

“मग विनीला तुम्ही सांगा ना!”

“मी काय पोस्टमन आहे? बस इथे. उद्या त्याच्यापुढे लावायची पाटी तरी लिहून घे.”

प्रत्येक वस्तूपुढे, तिच्यावर काय काय केलं आहे, ते करणाऱ्याच्या अक्षरात लिहून ठेवायची तिथे पद्धत होती. टिल्डाने पेन्सिल चावली.

“हे बघ,” बाई म्हणाल्या, “आपल्या इंग्रजी भाषेत, झालेल्या कामांच्या शब्दांना एकटं फिरायला आवडत नाही. पाववाल्याच्या गाडीवर काय लिहिलंय? ‘भाजलेला आणि घरपोच केलेला.’ या शेंगा बघ. शिरा काढलेल्या आणि चिरलेल्या. आधी झालं ते आधी, नंतरचं नंतर. चिरून झाल्यावर शिरा काढायला बसलीस तर रात्रीचं जेवण उद्या मिळेल.”

टिल्डाला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

“आणि दोघांना मिळून ‘होतं’ एकच पुरतं. भरलेलं होतं आणि सजवलेलं होतं, असं कुणी म्हणत बसत नाही. एका छत्रीतून दोघं जातात. छत्रीचा दांडा म्हणजे तो ‘आणि’.”

“आणि दोघांतलं एकच झालं असेल तर?”

“मग ‘आणि’ला रजा. ‘पण’ला बोलवायचं.”

टिल्डाने वाकून, जीभ बाहेर काढून लिहिलं: ‘भरलेलं, पण न सजवलेलं.’

बाईंनी चष्मा वर करून वाचलं. “एकही चूक नाही. दहापैकी दहा.”

दहापैकी दहा मिळूनही टिल्डाचं तोंड एवढंसं झालं. “खोडू का, बाई?”

“खोटं लिहिलंयस का?”

“नाही.”

“मग राहू दे. शेंगा ने घरी, तुझ्या आजोबांना आवडतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूत हशा पिकला तो या उघड्या बुजगावण्यामुळे.

“अरे, याला सर्दी होईल! कुणीतरी मफलर द्या!”

“लाजून चूर झालाय बघ बिचारा.”

“आंघोळीला निघालाय वाटतं!”

येणारा प्रत्येक जण त्याच्या पोटात एक बोट खुपसून जाई. आणि हळूहळू एक भलतीच गोष्ट व्हायला लागली. पोटातला पेंढा खाली सरकू लागला. आधी छाती बसली. मग पोट गुडघ्यांवर आलं. मान एका बाजूला कलली, आणि पाय सुजल्यासारखे फुगले. टिल्डा धावून त्याला वर ओढायची, की दुसरीकडून घसरगुंडी सुरू!

तिचे आजोबा कांद्यांच्या मेजापाशी उभे होते. म्हातारा हसून हसून डोळे पुसत होता.

“आजोबा, हसताय काय! मी किती घट्ट भरलं होतं!”

“भरलंस गं. पण पेंढा धरून कोण ठेवणार? कमरेचा पट्टा धरतो, मनगटाला बांधलेली बाही धरते, घट्ट बटणांचा कोट धरतो. उघडं बुजगावणं जेवणापर्यंतसुद्धा उभं राहत नाही.”

टिल्डाने तंबूभर नजर फिरवली. चहाच्या मेजापाशी विनी उभी होती, आणि तिच्या काखेत लाल गाठोडं होतं. टिल्डा तिथवर गेली. पाय जड झाले होते, जणू पेंढा तिच्याच पायांत उतरला होता.

“कोट आणलायस?”

“उगाच. ऊन द्यायला,” विनी म्हणाली.

“तंबूत?”

विनी छताकडे बघायला लागली. “तुझी मांजर कुठाय?”

“तिला बटणं लावता येत नाहीत,” टिल्डा म्हणाली. मग खाली बघून पुटपुटली, “मलाही नाही येत. मी चुकीचं बोलले.”

“हळू बोलतेस आता. तेव्हा तर सगळ्या शाळेला ऐकू गेलं होतं.”

तेवढ्यात दारातून परीक्षकांचा आवाज आला, “मुलांनो, आवरा! घंटा झाली की सगळे बाहेर!”

विनीने बुजगावण्याकडे पाहिलं. त्याची हनुवटी बेंबीपर्यंत पोचली होती. “अगं आई गं!” म्हणत ती गाठोडं सोडत धावली. “बघतेस काय? वर धर त्याला! काखेत धर! बाकीचं नंतर बोलू!”

टिल्डाने सफरचंदांची रिकामी पेटी ओढली, उपडी केली आणि वर चढली. बुजगावण्याच्या काखांत हात घालून तिने त्याला उचललं. पेंढा तिच्या कॉलरमध्ये शिरला, नाकात शिरला. खाली विनी पट्टा आवळत होती, बाह्या बांधत होती. पितळी बटणं एकामागून एक लागत होती. पेटीवरून टिल्डाला सगळा तंबू दिसत होता. शाळेच्या भिंतीपाशी तेव्हा हसलेली सगळी पोरं तिथेच होती, गालात केक कोंबून.

“थांब, आत्ताच बोलते,” टिल्डा म्हणाली.

“वेडी आहेस का? घंटा होईल! शेवटचं बटण राहिलंय!”

“तू लाव.”

दारापाशी परीक्षकांनी घंटा उचलली. टिल्डाने बुजगावणं छातीशी आणखी घट्ट धरलं, नाकातलं तूस फुंकून उडवलं, आणि बँडच्याही वर जाईल अशा आवाजात ओरडायला सुरुवात केली, “ऐका रे सगळे! मी मांजरीबद्दल जे म्हणाले होते ना…”