सतरा इंच आणि एक बोट

मी मोजपट्टी बोलतेय. पोट आत ओढू नका, मी आत्ता तुमच्या कमरेला लागलेली नाही. पण सवय जात नाही ना? माझं टोक दिसलं रे दिसलं की माणसं श्वास कोंडतात, छाती पुढे काढतात, हळूच टाचा उचलतात. मला फसवायला निघतात बिचारी!

माझा जन्म कारखान्यातला. कापडाच्या फितीवर पिवळा मुलामा चढवला, अंगभर काळे आकडे छापले, दोन्ही टोकांना पत्र्याची टोपणं ठोकली. तिथून मी एका बाईच्या गळ्यात पडले ती आजतागायत. बाई घरीच शिवणकाम करायची. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत लोखंडी पायांचं जुनं मशीन, आतल्या खोलीत ती आणि तिचा एकुलता एक मुलगा. नवरा लवकर गेलेला. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. सकाळी उठल्यावर ती आधी मला गळ्यात घालायची, मग चहाचं भांडं ठेवायची.

शिवणाऱ्याची एक रीत असते. माप घेताना पट्टीच्या आत एक बोट सारायचं. कपडा अंगाला आवळू नये, माणसाला श्वास घेता यावा, म्हणून. बाईचं ते बोट, उजव्या हाताची तर्जनी, सुयांनी टोचून टोचून खरखरीत झालं होतं. किती अंगांवर आम्ही दोघी शेजारीशेजारी फिरलो, मोजदाद नाही. बोट सैल सोडायचं, मी खरं सांगायची. आमचं बरं चाललं होतं.

मग मुलगा मोठा झाला आणि घोळ सुरू झाला.

पोरगं अंगाने किडमिडं. शाळेतच त्याचं नाव काडी पडलं आणि ते त्याला गोचिडासारखं चिकटलं. बाई त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कितीही अरुंद शिवू दे, आत हात आहे की हँगर अशी शंका यायची. कामाला लागल्यावर पहिल्या पगारात त्याने जिम लावली आणि दर रविवारी सकाळी आईपुढे हात वाकवून उभा राहू लागला. "आई, माप घे."

पहिला महिनाभर मी होता तोच आकडा दाखवत राहिले. मी काय करू? वाढलंच नव्हतं काही. चौथ्या की पाचव्या रविवारी पोराचा चेहरा असा पडला, की बाईचं काळीज हललं. मला दंडाभोवती गुंडाळता गुंडाळता तिने गुपचूप आपलं बोट माझ्याआड सरकवलं.

"अरे वा! वाढलाय की! चांगला अर्धा इंच!"

काडीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढंच चढलं, बाकी बाईचं बोट होतं.

प्रेमळ माणसांसारखी खोटारडी माणसं नाहीत, हे मी तेव्हा शिकले. पुढे पोराचे दंड खरंच वाढले, नाही म्हणत नाही. पण त्याची भूक त्याहून वाढली, आणि एका बोटाची दोन बोटं झाली. त्याला पत्ता लागला नाही. माप चालू असताना तो आरशात बघायचा, माझ्याकडे कधीच नाही.

एकदा त्याच्या जिमचे मास्तर पॅन्ट शिवून घ्यायला घरी आले. पन्नाशीचा माणूस, दंड बेताचा. मांडी मोजताना मात्र बाईने आकडा दोनदा वाचला. काडी तिथेच आरशासमोर होता.

"काय रे, ध्येय काय ठरवलंयस?" मास्तरांनी विचारलं.

"सतरा इंच दंड."

"ते माप झालं. मी ध्येय विचारलं."

"मग तेच की!"

"बरं, तुझ्या घरात सगळ्यात जड काय आहे?"

काडी हसला. "आई!" बाईही हसली. अंगाने होतीच ती भरलेली.

मास्तर हसले नाहीत. "मग तिला उचलता आलं पाहिजे, हे तुझं ध्येय. गुडघे गेलेत त्यांचे, जिना चढताना बघितलंय मी. उद्या मध्येच बसल्या तर कोण उचलणार? पाय, कंबर, पाठ, पकड, यांची आधी तयारी कर. जमिनीवरून वजन उचल, पोतं खांद्यावर घेऊन जिना चढ. दंड नको म्हणत नाही. निम्मे दिवस त्याला दे, निम्मे याला."

"मला काय हमाल व्हायचंय मास्तर? आणि पाय कोण बघतो? पॅन्टमध्ये झाकलेलेच असतात."

"असं? ताई मघाशी म्हणत होत्या, मशीन खिडकीपाशी हवंय, उजेड कमी पडतो. चल, ने बघू."

काडीने बाह्या सरसावल्या, कमरेतून वाकला आणि नुसत्या दंडांच्या जोरावर मशीन उचललं. पायांनी काही साथ दिली नाही, देणार कुठून? अर्ध्या खोलीत त्याने ते दाणकन खाली ठेवलं आणि पाठ चोळत म्हणाला, "आज दंडांचा दिवस झालाय माझा. पाठ धरली तर उद्याचा व्यायाम बुडेल. उद्या सरकवतो."

मास्तर हात लावायला वाकले, तर बाईच आडवी आली. "राहू द्या हो मास्तर. तो करेल उद्या. पोराची हौस आहे, कशाला मागे लागता त्याच्या?"

तो उद्या काही उजाडला नाही. बाई खोलीच्या मधोमध, अंधुक उजेडात डोळे बारीक करून शिवत राहिली. येणारी जाणारी गिऱ्हाइकं मशीनला ठेचकाळायची. हिचं एकच, "अहो, पोरगा सरकवणारच आहे."

मग स्पर्धा आली. शरीरसौष्ठवाची! काडीने आधी मीठ सोडलं, मग पाणी घोटावर आणलं. शिरा उठून दिसल्या पाहिजेत म्हणे. दिसायला राक्षस आणि बळ ताप आलेल्या माणसाइतकं. स्पर्धेच्या सकाळी तो अंगभर तांबूस रंग फासून, वर तेल चोळून बाथरूममधून बाहेर आला आणि आईपुढे दंड धरला. रंग लागू नये म्हणून बाईने मला जेमतेम टेकवलं. आत दोन बोटं होतीच.

"सतरा!" ती म्हणाली. "पूर्ण सतरा, राजा!"

पोराने घर डोक्यावर घेतलं. बाई डोळे पुशीत माझ्या टोकाला लागलेला रंग धुवायला बाथरूममध्ये गेली, आणि त्याच्याच तेलावरून तिचा पाय सटकला.

आता नीट ऐका, कारण हे दुसरं कोणी सांगणार नाही. मी तिच्या गळ्यात होते. ती पडली ती बसल्यासारखी पडली, आणि तिचं हाड शाबूत होतं.

"काही नाही रे, बुडावर आपटले. हात दे मला."

काडीने तिच्या काखेत हात घातले. पण तो तिला अंगाशी घेईना. रंग पुसला जाईल ना!

"जवळ ये ना रे. धर मला नीट."

"आई, रंग जाईल. तूच जरा जोर लाव."

कंबर वाकवून, हात लांब ठेवून त्याने तिला ओढलं. अर्ध्यावर आली ती. मग त्याच्या पोटरीत गोळा आला, तो कळवळला आणि त्याने हात सोडले. सतरा इंची हात! बाई दुसऱ्यांदा पडली. या वेळी खुब्यातला आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मास्तरांना फोन गेला. ते आणि शेजारचा एक जण, दोघांनी तिला खुर्चीत बसवून, अर्ध्या वाटेवरच्या मशीनला वळसा घालून दोन जिने खाली नेलं. काडी मागून तिची चप्पल घेऊन उतरला. गाडीत ठेवताना बाईच म्हणाली, "तू जा. वर्षभराचे कष्ट आहेत तुझे."

आणि तो गेला. हो, गेला! बक्षीस कसलं मिळतंय. वरून बंगला, खाली बांबू, असं म्हणून परीक्षकांनी पायांचे गुण कापले.

लोकांना त्याने सांगितलं, आई पडली. आईनेही सांगितलं, मीच पडले. किती वेळा, ते दोघांनीही सांगितलं नाही.

खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि बाईचा पलंग बाहेरच्या खोलीत, मशीनच्या अलीकडे मांडला. डॉक्टरांनी बजावलं, "रोज उठवून खुर्चीत बसवा, आधार देऊन उभं करा. पडून राहिल्या तर पडूनच राहतील." मास्तरांनी येऊन काडीला शिकवलं. "जवळ जा. गुडघे वाकव. मिठी मार. आता पायांवर उठ, त्या आपोआप येतील." आणि काय सांगू, जमलं की! रंग नव्हता ना अंगाला. बाई कितीतरी दिवसांनी खिडकीपाशी बसली, खालचा रस्ता बघून लहान मुलीसारखी खुदखुदली. "मशीन तेवढं इकडे सरकव," म्हणाली. "बसून निदान काजं-बटणं करेन."

आठवडाभर चाललं ते. मग पुढच्या स्पर्धेचा कागद भिंतीवर लागला. ध्येय अठरा इंच! "आज नको आई, पाठ भरून येते. दंडांचा दिवस आहे." दुसऱ्या दिवशी छातीचा दिवस, तिसऱ्या दिवशी खांद्यांचा. आईचा दिवस त्याच्या आठवड्यात नव्हताच. बाई गादीला लागली, पाठीला जखमा झाल्या, आणि मी पलंगाच्या दांडीवर लटकत राहिले.

गेल्या रविवारी तो आला, पलंगाशी गुडघ्यांवर बसला आणि दंड वाकवला. हल्ली गुडघे वाकवतो ते एवढ्यासाठीच. "आई, माप घे."

"आधी मला खिडकीपाशी ने."

"आधी माप. जिमला उशीर होतोय."

बाईने मला दांडीवरून ओढलं. मला त्याच्या दंडाभोवती घेतलं, मी नेहमीप्रमाणे त्या खरखरीत बोटाची वाट पाहिली, आणि ते आलंच नाही. तिने मला थेट त्याच्या कातडीवर ओढून धरलं. त्या पहिल्या महिन्यानंतर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सोळा."

"सोळा? अगं, सतरा होते! एवढा उतरला?"

"उतरला नाही रे. एवढाच होता. वरचं माझं बोट होतं."

तिच्या हातातून मला हिसकावून त्याने एक टोक दातात धरलं आणि स्वतःच माप घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा तर इतकं आवळलं की माझं टोपण निखळून पलंगाखाली गेलं. सोळाच!

"माझं सगळं वाटोळं केलंस तू," तो आईला म्हणाला. मला तिच्या अंगावर भिरकावलं, बॅग उचलली, दाराकडे धावताना मशीनच्या लोखंडी पायाला ठेचकाळला, एक शिवी हासडली आणि गेला.

तेव्हापासून माझं एक टोक फाटकं आहे. बाई मला उशाशी घेऊन पडते. कधी चाळा म्हणून मला स्वतःच्या मनगटाभोवती गुंडाळते. तिथे आता बोटं घालावी लागत नाहीत, जागा आपोआप उरते.

तुमची माझी भेट होईलच कधीतरी. खुशाल दंड मोजा, छाती मोजा, मला काय त्याचं? पण तुम्ही कोणाला उचलू शकता, ते मला विचारू नका. तो आकडा माझ्यावर छापलेला नाही. तो घरात जे पडलंय त्याला विचारा, आणि ते अजून बोलतंय तोवर विचारा.

आज पुन्हा रविवार आहे. तो उठलाय, आत आरशासमोर त्याची हालचाल ऐकू येतेय. बाई खिडकीकडे तोंड करून पडलीय, पण पलंगावरून खिडकी दिसत नाही. मध्ये मशीन येतं.