यादीतलं नववं नाव

"घरातल्या माणसाचं नाव नाही लिहिलं तर चालेल का हो?" मिस्त्रीने विचारलं.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "घरातलं म्हणजे कोण?"

"थोरली बहीण. तिच्याकडून घेतलेत. कागद काही नाही, नुसतं तोंडी."

"तोंडी का असेना, घेतलेत ना? मग लिहायचं. दिवाळखोरीच्या अर्जात धनको लपवलात की सगळंच अंगाशी येतं."

मिस्त्री मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. एकतीस वर्षं तो कवळ्या बनवत होता, म्हणून सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवायचे आणि हा मेणात एकेक दात बसवून, हिरडीला रंग भरून कवळी तयार करायचा. पाच वर्षांपूर्वी त्याने कवळीचे दात घडवणारं यंत्र कर्जावर आणलं. वर्षभरातच दंतवैद्यांनी एका मोठ्या कंपनीकडे काम वळवलं. यंत्राच्या हप्त्यासाठी दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरं, मग एक सावकार. आणि सगळ्यात शेवटी ताई.

"सावकाराच्या दाव्याची तारीख वीस," वकीलबाई म्हणाल्या. "त्या दिवशी जप्तीचा हुकूम निघाला की तुमच्या खात्यात येईल ते गेलं. त्याआधी अर्ज पडायला हवा. म्हणजे सोमवारी. यंत्र जाईल. हातातली हत्यारं बहुधा ठेवतील."

"शुक्रवारी एका डॉक्टरांकडचे थकलेले पैसे यायचेत. ते बहिणीला देऊन मग सोमवारी अर्ज केला तर?"

"तर कोर्ट ते तिच्याकडून परत मागेल. एकालाच देऊन बाकीच्यांना टांग दिली, असं धरतात. तिच्या दारात माणूस उभा राहिलेला चालेल तुम्हाला?"

घरी बायको पोळ्या लाटत होती. वसुलीवाल्यांचा फोन वाजला तसा तिने गॅस बारीक केला. फोन न उचलताही घरात कुणी आहे हे गॅसच्या आवाजावरून कळेल, अशी वेडी धास्ती तिच्या अंगात मुरली होती. फोन थांबेपर्यंत दोघंही हलली नाहीत.

"सोमवारी म्हणतात," तो म्हणाला. "ताईलाही यादीत टाकायचं."

"ताईंना? बँका आणि सावकारांच्या पंगतीत?" तिने लाटणं खाली ठेवलं. "काही नको. वर्षभर काढू कसंतरी."

"कशावर काढायचं?"

ती परात ओढून पुन्हा कणीक मळायला लागली.  तो सहज विचारल्यासारखं म्हणाला, "माझा विमा चालू आहे ना गं अजून?"

बायकोचा हात पिठात तसाच राहिला. "तीन महिने त्याचाही हप्ता भरला नाहीये," ती सावकाश म्हणाली. "आणि पुन्हा हा प्रश्न काढलात ना, तर मी ताईंना इथे बोलावून घेईन. तुमच्या उशाशी बसवीन."

मग ती रडायला लागली. त्याला उठून तिच्याजवळ जाताही येईना.

दुसऱ्या दिवशी तो ताईकडे गेला. ताई चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. उभं राहून राहून तिचे दोन्ही गुडघे गेले होते. ऑपरेशनसाठी साठवलेले पैसे तिने तीन वर्षांपूर्वी याच्या हातावर ठेवले होते, सहा महिन्यांच्या बोलीवर. दार उघडायला तिला भिंत धरत यावं लागलं. ते बघून त्याने वाटेत जुळवलेली वाक्यं गिळली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी बँकेच्या मागे रांगेत?" ताईने विचारलं.

"रांगेत माझ्या हाताने उभं करायचं तुला. नववं नाव."

"आणि मिळणार किती?"

"शंभराला सात-आठ, असं म्हणतात वकीलबाई."

ताई एकदम हसली. "एका गुडघ्याची वाटी तरी येईल का रे तेवढ्यात?"

त्याला हसता आलं नाही. तिचंही हसू लगेच विरलं. "सहा महिने म्हणाला होतास, बाळ्या."

"खोटं नव्हतो बोललो."

"तेच तर. खोटं बोलला असतास तर कडकडून भांडले असते तरी." तिने पदराने चेहरा पुसला. "तिन्ही वर्षं मी जिने मोजत होते. कुणाकडे जायचं म्हटलं की आधी विचारायचं, किती पायऱ्या आहेत. तुला कधी बोलले नाही. आता बोलते."

 बोलून झाल्यावर तिने हात पुढे केला. "दाखव यादी."

तिने आपलं नाव वाचलं, पुढचा आकडा वाचला. "हे जास्त आहे. तुझ्या बायकोच्या आजारपणातले तू यात धरलेस."

"तेही तुझेच होते."

"ते कर्ज नव्हतं. तिला दिले होते मी, तुला नाही. काढ ते." त्याने खोडून नवा आकडा घालेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "सोमवारीच टाक अर्ज. वीस तारखेची वाट बघू नकोस."

त्याने सोमवारी अर्ज टाकला.

सुनावणी पाच महिन्यांनी लागली. तोवर चार माणसं येऊन यंत्र घेऊन गेली होती. धनकोंना नोटिसा गेल्या होत्या, तशी ताईलाही गेली. शिपायाने तिला पलीकडच्या बाकावर बसवलं, बँकेचा माणूस आणि सावकाराचा वकील यांच्यामध्ये. मिस्त्री या बाजूला एकटा. नवव्या नावाचा पुकारा झाला तेव्हा ताई पुढचा बाक धरून उठली.

"बसून बोललात तरी चालेल," न्यायाधीश म्हणाले. "तुमची काही हरकत?"

"हरकत नाही," ताई उभ्यानेच म्हणाली.

अर्ज मंजूर झाला. लिफ्ट बंद होती. मिस्त्रीने ताईची पिशवी घेतली, आणि ती कठड्याला धरून उतरायला लागली: एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. जिना अरुंद होता. मागून सावकाराचा वकील आला, बँकेचा माणूस आला, त्यांच्यामागे आणखी चार-पाच जण. वाट मागायला कुणाची जीभ रेटली नाही. सगळे तिच्यामागे, एकेक पायरी थांबत, तीन मजले खाली उतरले.