केसांवरचे विनोद

जिथे चार माणसं रोज एकत्र काम करतात, तिथे एक जण हसवणारा असतो आणि एक जण असा असतो, की ज्याच्यावर बाकीचे हसतात. तुमच्या ऑफिसातही ही जोडी असेल, जरा आठवून बघा. ही गोष्ट दातांच्या एका दवाखान्यातली आहे.

त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून जो गृहस्थ लोकांच्या कवळ्या बनवायचा, त्याला अख्खी गल्ली कवळीवाला म्हणूनच ओळखायची. वय पंचेचाळीसच्या आसपास. हातात कसब असं, की मेणात दात बसवण्याआधी तो पेशंटकडून जुना फोटो मागून घ्यायचा. पुढचा दात मुळात किंचित वाकडा असेल, तर नवाही तसाच किंचित वाकडा बसवायचा. "आरशात बघितल्यावर माणसाला स्वतःची ओळख पटली पाहिजे," म्हणायचा. कामाला चोख आणि जिभेला भलताच तिखट!

आणि त्या जिभेचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे दवाखान्याचा कंपाउंडर. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, मोजकं बोलणारा माणूस. डोक्यावर औषधालाही केस नाही.

"कंपाउंडरसाहेब, जरा इकडे वाका," कवळीवाला पेशंटदेखत म्हणायचा, "दिवा मंद झालाय, तुमच्या उजेडात दाताचा रंग जुळवून घेतो."

खुर्चीतला पेशंट तोंडात कापसाचे बोळे असतानाही फिस्सकन हसायचा. कंपाउंडरही हसायचा, आणि चिमटे धुवायला नळापाशी निघून जायचा. कवळीवाल्याने त्याला 'आरसा' असं नाव ठेवलं होतं. वर्षभरात ते इतकं रुळलं, की औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा फोनवर "आरसा आहेत का?" असं विचारू लागला.

कवळीवाल्याच्या मनात पाप नव्हतं, हेही खरंच. त्याला वाटायचं, आपण दुखऱ्या दाताने आलेल्या लोकांना दोन घटका हसवतो, एवढंच.

घरी बायको आणि एकुलती एक मुलगी. बायको शिशुवर्गाची शिक्षिका. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात नकाशे काढायला शिकणारी. संध्याकाळी जेवताना बापाने दवाखान्यातले किस्से सांगायचे आणि दोघींनी हसायचं, हा नेमच होता. पण गेल्या दीड-दोन महिन्यांत मुलगी जेवायला उशिरा येऊ लागली होती. घरातही डोक्याला रुमाल बांधून बसायची. कॉलेजला कधी जायची, कधी नाही.

"काय गं, रुमालाची नवी फॅशन वाटतं?" बापाने एकदा विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

"परीक्षा जवळ आली आहे तिची," बायको घाईघाईने म्हणाली. "तुम्ही जेवा."

त्याने ते खरं मानलं. न मानण्यासारखं काही त्याला दिसलंच नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी तो पेपर वाचत बसला असताना न्हाणीघरातून किंकाळी ऐकू आली. तो धावला. बायको आधीच दारात होती. मुलगी नळाखाली डोकं धरून उभी होती आणि "आग होतेय, आई, आग होतेय!" म्हणून रडत होती. फरशीवर तेलाची बाटली आडवी पडलेली. 'एकवीस दिवसांत हमखास दाट केस' असं त्या बाटलीवर ठसठशीत अक्षरात छापलेलं, आणि खाली बनवणाऱ्याचं नाव नाही की गाव नाही.

त्याने टॉवेल पुढे केला आणि त्याचा हात तसाच थांबला. मुलीच्या डोक्यावर, कानामागे एक आणि टाळूवर दोन, असे तळहातात मावतील एवढे गोल चट्टे होते. त्या जागी केस नावाला नव्हते. एरवी ती कातडी गुळगुळीत असावी. आत्ता ती त्या तेलाने लालबुंद झाली होती आणि एका ठिकाणी फोड आला होता.

"हे काय? कधीपासून आहे हे?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अगं, मला का नाही सांगितलंत? मी काय परका आहे?"

मुलीने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "बाबा, तुम्ही दवाखान्यातल्या काकांना आरसा म्हणता. मला काय म्हणणार होतात?"

कवळीवाल्याने वाकून फरशीवरची तेलाची बाटली उचलली.

"रोज जेवताना तुम्ही त्यांच्या डोक्याचा किस्सा सांगायचात," ती बोलत होती, "आणि मी रुमालाची गाठ चाचपत बसायचे. सुटली तर? कांद्याचा रस लावला, कुणी सांगितलं म्हणून लसूण चोळली, शेवटी हे तेल मागवलं. तुम्हाला कळायच्या आत केस यावेत, एवढंच मला हवं होतं."

बायको मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला महिन्यापूर्वी कळलं. सांगू नकोस म्हणून तिने माझ्या गळ्याची शपथ घातली. अहो, मलाही वाटलं, तुम्ही वाईट नाही वागणार, पण हसण्यावारी न्याल."

बापाने जळलेल्या जागेवर गार पाण्याची घडी धरली, बाटली कचऱ्यात टाकली, आणि खिडकीशी जाऊन बसला. आपल्या घरात आपलं माणूस दीड-दोन महिने आपल्यालाच घाबरून लपून बसलं होतं! कुणी दारू पिऊन मारझोड करतो, म्हणून घरचे घाबरतात. इथे नुसत्या विनोदांनी तेवढं काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वेळेआधी पोचला. कंपाउंडर हत्यारं उकळायला ठेवत होता.

"कंपाउंडरसाहेब," कवळीवाला चाचरत म्हणाला, "एक विचारायचं होतं. डोक्यावर गोल चट्टे पडून केस गेले, तर कुणाला दाखवावं?"

कंपाउंडरने वळून बघितलं. आजही काही गंमत असेल, अशा अंदाजाने तो क्षणभर थांबला. पण समोरच्याचा चेहरा पाहून त्याने गॅस बारीक केला.

"कुणाचे?"

"मुलीचे."

"चाई पडली आहे," कंपाउंडर म्हणाला. "घाबरू नका. मला बाविसाव्या वर्षी पडली होती. आधी एक चट्टा, मग चार, मग सगळंच डोकं. भुवयाही गेल्या. बघा, तुमच्या कधी लक्षात आलं नाही ना?"

कवळीवाल्याने बघितलं. नऊ वर्षं हा माणूस त्याच्या समोर वावरत होता, आणि त्याला भुवया नाहीत हे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं!

"तेव्हा मला कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही," कंपाउंडर सांगत होता. "कुणी म्हणे उष्णता, कुणी म्हणे नजर, कुणी म्हणे याच्या चालीचंच काही तरी असेल. ठरलेलं लग्न मोडलं. लेप लावले, जळलो, भाजलो. तोवर वेळ गेली. तुमच्या मुलीची वेळ गेलेली नाही. मी ज्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना ओळखतो, त्यांच्याकडे आजच जाऊ. मी येतो सोबत."

"तुम्ही येता?" कवळीवाला म्हणाला. "मी तुम्हाला इतकी वर्षं..."

"ते राहू द्या."

"नाही, राहू कसं देऊ? तुम्हाला राग नाही आला कधी?"

कंपाउंडरने ट्रेवरचं फडकं सारखं केलं. "एक सांगू? आपल्याकडे दात पडलेली माणसं येतात. तोंडावर हात ठेवून बोलतात. तुम्ही त्यांना कधी हसलात? उलट दार लावून घेता, जुना फोटो मागता, माणसाचं हसू जसंच्या तसं परत करता. मी रोज बघतो ना! दात गेले तर दया आणि केस गेले तर विनोद, हा कुठला न्याय? दोन्ही शरीराचीच गोष्ट आहे. माणसाने मागून घेतलेली नाही. राग नाही आला, पण वाईट वाटायचं. मी हसायचो, कारण न हसणाऱ्याला लोक आणखी छळतात."

कवळीवाल्याने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

त्याच दुपारी चौघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलगी आधी येईना, पण कंपाउंडरकाका दारात उभे राहून म्हणाले, "पोरी, माझं डोकं बघ आणि चल. माझ्यापुढे कसली लाज?" तशी ती रडता रडता हसली आणि चपला घालू लागली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून डोकं नीट तपासलं, भाजलेल्या जागेला मलम दिलं आणि मग खुर्ची जवळ ओढून घेतली.

"हे तू काही केल्याने झालेलं नाही," त्या मुलीला म्हणाल्या. "तेल कमी लावलं म्हणून नाही, शाम्पू बदलला म्हणून नाही. शरीरातली रोगाशी लढणारी शक्तीच चुकून केसांच्या मुळांना शत्रू समजते. हा आजार संसर्गाचा नाही. कंगवा वेगळा ठेवायचीही गरज नाही."

"मग इतक्या लोकांचे केस जातात, ते सगळे असेच?" आईने विचारलं.

"छे! कारणं वेगवेगळी. कुणाला आईवडिलांकडून टक्कल येतं. कुणाचे मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी झडतात आणि बहुधा आपोआप परत येतात. कुणाच्या रक्तात लोह कमी असतं, कुणाचं थायरॉइड बिघडलेलं असतं. काही जणी केस इतके ओढून बांधतात, की मुळंच दुखावतात. म्हणून आधी कारण शोधायचं आणि मग औषध. लोक नेमकं उलटं करतात, आधी बाटली आणतात!"

बापाने मान खाली घातली. "आणि ते केस रोपायचं ऑपरेशन असतं, ते?"

"ते आईवडिलांकडून आलेल्या टकलासाठी बऱ्याचदा उपयोगी पडतं. डोक्याच्या मागचे धट्टेकट्टे केस काढून पुढे लावतात. पण सगळ्यांना चालत नाही, आणि हिच्यासाठी तर ते नाहीच. हिला आपण चट्ट्यांमध्ये बारीक सुईने औषध देऊ, वर लावायलाही देऊ. रक्त तपासून घेऊ. बऱ्याच जणांचे केस परत येतात. काहींचे येत नाहीत, काहींचे येऊन पुन्हा जातात. हमी मी देणार नाही. जो हमी देईल, त्याच्या दारातून परत फिरायचं. केस येईपर्यंत रुमाल, टोप, जे आवडेल ते वापर. पण आवडतं म्हणून वापर, घाबरून नको."

मुलीने आईचा हात घट्ट धरला होता. बाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझी चूक नव्हती." आणि मोठा श्वास सोडला.

दर महिन्याला सुया सुरू झाल्या. दुखायच्या. दोनदा कवळीवाल्याला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा कंपाउंडर स्वतःची रजा टाकून मुलीसोबत गेला.

त्या दरम्यानची एक सकाळ. खुर्चीत एक व्यापारी बसला होता, जुना पेशंट. कंपाउंडर आत आला तसा तो गडगडाटी हसला. "या आरसा! कवळीवाले, आज एकही विनोद नाही? करा की सुरू!"

कवळीवाल्याने हातातला साचा टेबलावर ठेवला.

"शेटजी, ते नाव मी ठेवलं होतं. ते आजपासून बंद!" तो बाहेरच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "नऊ वर्षं मी या सज्जन माणसाची टिंगल केली. त्यांना आजार झाला होता आणि मी त्यावर लोकांना हसवत होतो. पुढे माझ्या घरात तोच आजार आला, तेव्हा हाच माणूस माझ्या दारात उभा राहिला. कंपाउंडरसाहेब, मला माफ करा. एकट्यात मागितली असती, पण टिंगल सगळ्यांसमोर केली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर!"

व्यापाऱ्याने ओशाळून घसा खाकरला. "चुकलं हो माझंही," तो पुटपुटला. आतून दातांचे डॉक्टरही बाहेर येऊन उभे राहिले होते. कंपाउंडरने नेहमीसारखं हसून वेळ मारून नेली नाही. त्याचे डोळे भरून आले. "केलं माफ," तो म्हणाला, आणि या खेपेला नळाकडे गेला नाही, तिथेच उभा राहिला.

सहा महिन्यांनी मुलीच्या कानामागे पांढरट लव आली, मग ती हळूहळू काळी झाली. टाळूवरचा एक चट्टा भरला, एक अजून तसाच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, वाट बघू. पण ती वाट बघत घरात बसलेली नाही. कॉलेजात कुणी विचारलं, तर सरळ सांगते, "चाई आहे. उपचार चालू आहेत." तिच्या सांगण्यावरून वर्गातल्या दोन मुली स्वतःचे केस दाखवायला डॉक्टरकडे गेल्या. एकीच्या रक्तात लोह फारच कमी निघालं. तिची आई घरी येऊन आभार मानून गेली.

कवळीवाला अजूनही हसवतो, बरं का! पण आता किस्से स्वतःच्या फजितीचे असतात. आणि त्याच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: "देवाने मला शिक्षा केली असती, तर ते रास्तच होतं. त्याऐवजी त्याने मला कंपाउंडरसाहेब दिले. हे उपकार मी कुठे फेडू?"

बंधूंनो, भगिनींनो, केस गळणं हा गुन्हा नाही, आणि कुणाच्या डोक्याकडे बोट दाखवून हसणं ही करमणूक नाही. केस गळत असतील, तर लपू नका. जाहिरातीतल्या बाटलीच्या नादी लागू नका. जाणत्या डॉक्टरकडून आधी कारण समजून घ्या. आणि तुमच्यासमोर कुणाचे केस गेलेले असतील, तर जीभ आवरा. तुम्ही ज्याला गंमत म्हणता, ती ऐकून तुमच्याच घरात कुणी तरी रुमालाची गाठ घट्ट करत असेल. त्या माणसाला तुमच्यापाशी येऊन ती गाठ सोडता आली पाहिजे. घराला घर म्हणायचं, ते त्याच्यासाठीच!