उरलेले चार चमचे

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे फिरवला आणि पेनाच्या टोकाने मला माझं पोट दाखवलं. चार वर्षांपूर्वी त्यांनीच कापून केळ्याएवढं केलेलं पोट. पांढरं औषध पिऊन काढलेल्या त्या फोटोत ते धुऊन वाळत घातलेल्या मोज्यासारखं दिसत होतं.

"थोडं सैल झालंय. फार नाही," ते म्हणाले. "पण चौतीस किलो उतरले होते, त्यातले सत्तावीस परत आले. गुडघे गेले, साखर चढली. आता दुसरं ऑपरेशन करू. वर एवढीशी पिशवी ठेवायची आणि आतडं वर आणून तिला जोडायचं. बायपास."

मी मान हलवली. कोणी काही समजावून सांगायला लागलं की मी मान हलवते. कळलं म्हणून नव्हे, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.

हे शेजारच्या खुर्चीत पुढे सरकून बसले होते. हे प्लंबिंगची कामं घेतात.

"म्हणजे जुनी लाइन बंद करायची आणि बाजूने नवी काढायची."

"तसंच काहीसं."

"आणि जोड गळला तर?"

"क्वचित होतं. दुसऱ्या वेळी धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, ते मी लपवणार नाही. आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं."

"आमच्यात गळती भिंत बंद केल्यावरच कळते," हे म्हणाले. डॉक्टर हसले. हे नाही हसले.

पुढच्या महिन्याची बारा तारीख मिळाली. त्याआधी तीन आठवडे आहाराच्या बाईंकडे जायचं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "खाणं कसं आहे?"

"तीन वेळा."

खोटं मी बोलत नाही. तो माझा नेम आहे. पहाटे उठून नाम घ्यायचं, तोपर्यंत पाणीसुद्धा नाही, हा दुसरा. दुपारी बारापर्यंत कोणाविषयी वाकडं बोलायचं नाही, हा तिसरा. बारानंतर बोलायची मुभा आहे, पण तोवर बोलायचं काय होतं तेच विसरलेलं असतं. चौथा नेम मी कोणालाच सांगितलेला नव्हता.

आहाराच्या बाई वयाने माझ्या मुलीसारख्या. त्यांना सर्दी झाली होती, नाक पुसत पुसत त्यांनी मला एक वही दिली. "वेळ घालून लिहायचं, मावशी. एक चमचा खाल्लात तरी. पाण्याचा घोट घेतलात तरी."

"बरं."

"चांगलं दिसावं म्हणून लिहू नका. सगळे तेच करतात."

"मी तसं नाही करत," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शिंकल्या.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे मालक, काचेची कपाटं आणि आरसे. मागच्या खोलीत मी आणि चाक. मशीन काचेला ढोबळ आकार देतं. शेवटचं माप हाताने घ्यावं लागतं: ओल्या चाकावर कड धरायची, घासायची, पुसायची, फ्रेमला लावून बघायची, पुन्हा धरायची. काच केसभर मोठी राहिली तर घासता येते. केसभर लहान झाली की टोपलीत. गेल्या वर्षी मालकांनी माझं लाकडी स्टूल काढून लोखंडी आणून ठेवलं. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

चाकाच्या उजव्या हाताला कापड, डाव्या हाताला डबा. पहिल्या दिवशी वही डब्याशेजारी ठेवली आणि सांगितल्याप्रमाणे लिहायला लागले. सव्वानऊ, भात दोन चमचे. साडेनऊ, भाजी एक चमचा. नऊ पन्नास, भात एक. दहा दहा. साडेदहा. एका जाड काचेची कड धरली होती, ती झाली की एक चमचा. मग कानाची दांडी बसवली, मग एक चमचा. एक वाजेपर्यंत पान भरलं. मी उलटून पाहिलं तर आत्तापर्यंत झालं होतं ते सकाळचं जेवण. एकच. दुपारचं अजून घरी जाऊन व्हायचं होतं.

हातात कोणाची तरी वाचायची काच होती, ती मी जरा जास्तच घासली. टोपलीत टाकावी लागली.

आता चौथा नेम सांगते.

मी नऊ वर्षांची असताना आईला ताप आला. साधा नव्हे, तीन आठवडे दवाखान्यात होती, आणि मला शेजारच्या काकू जेवायला घालायच्या. एक दिवस मी निम्मं ताट तसंच सोडून उठले. काकू म्हणाल्या, "तिकडे आईच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तू अन्न टाकतेस?" रागावून नाही म्हणाल्या. कामाच्या गडबडीत म्हणाल्या असतील. मी मोरीत जाऊन हात जोडले आणि म्हटलं, देवा, यापुढे ताटात शीतही ठेवणार नाही, माझ्या आईला घरी पाठव. चौथ्या दिवशी आई घरी आली. त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. मी ताटात शीत ठेवलेलं नाही.

पोट लहान झालं तरी नेम लहान कसा होणार? पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा आई भावाकडे होती. माझं मीच वाढून घेत असे, छोट्या वाटीत, आणि वाटी संपायची. वजन भराभर उतरलं; जुने कपडे मी गाठोडं बांधून देऊन टाकले, इतका विश्वास. मग आई आमच्याकडे राहायला आली. तिचे डोळे गेल्यातच जमा आहेत, माझी कुठलीच काच आता तिला चालत नाही. सुरीला हात लावू देत नाही, गॅसजवळ जाऊ देत नाही. वाढणं तेवढं तिच्याकडे उरलंय. पातेल्याच्या काठावर एक हात ठेवून दुसऱ्याने ती अंदाजाने वाढते, आणि मग तिला वाटतं की कमी पडलं, म्हणून आणखी एक डाव. मला "पुरे" म्हणता येत नाही. मग ते ताट मी झाकून ठेवायची, डब्यात भरायची, चमचा चमचा करून संपवायची. ताट संपलं की जेवण संपलं. दिवसाला तीन ताटं. म्हणून तीन वेळा.

आठवड्याने आहाराच्या बाईंनी वही पाहिली. सर्दी बरी झाली होती. पेन्सिल ओळींवरून खाली उतरत गेली आणि पानाच्या तळाला थांबली.

"एकतीस," त्या म्हणाल्या. "मावशी, एका दिवसात एकतीस वेळा."

"प्रत्येक वेळी थोडंच असतं."

"हो ना. म्हणून तर पोट भरल्याचं कधी कळतच नाही. तुम्ही थांबता कधी?"

"ताट संपलं की."

"आणि पोट भरलं की?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले आणि मग, कसं कोण जाणे, त्यांना मोरीतलं सगळं सांगितलं. पोटच्या मुलीला सांगितलं नव्हतं ते.

त्यांनी हसू आणलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. त्यांनी वही मिटली. "मी डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करा किंवा करू नका, ते मी सांगणार नाही. पण नवी पिशवी केली तरी तिच्यासमोर हेच ताट येणार. हे मला डॉक्टरांना कळवावं लागेल. आणि तुम्हाला तर आधी ठरवावं लागेल."

काय ठरवायचं ते मला कळलं होतं. एकदा कापलेलं पोट पुन्हा कापून घ्यायचं, की ताटात अन्न ठेवायचं. कापून घेण्याची मला तेवढी भीती नव्हती. माझं काय ते माझ्यावर. ताटात ठेवलं तर ते कोणावर जाईल?

घरी येऊन यांना सांगितलं. हे नळाचा वायसर बदलत होते. पाना हातातच राहिला.

"बावीस वर्षं मी बघतोय, तू बशी पुसून खातेस. मला वाटलं हावरी आहेस."

"तसंच समजत होता?"

"मग काय समजणार? मी तर मित्रांना सांगायचो, आमच्याकडे भांडी घासावी लागत नाहीत." हसायला गेले आणि मध्येच थांबले. "आईंना सांग."

"नको."

"तू नाही सांगितलंस तर मी सांगतो. आणि मला तुझ्यासारखं हळू बोलता येत नाही."

आई पलंगावर बसून धुतलेले रुमाल चाचपून घड्या घालत होती. मी खाली बसले. गुडघे वाजले ते तिने ऐकलं.

"पुन्हा कापणार म्हणे तुला," ती म्हणाली. "जावई फोनवर बोलत होते. डोळे गेलेत, कान नाही गेले माझे."

मी सांगितलं. तापाचं, काकूंचं, मोरीचं, वहीचं. तिच्या वाढण्याचं सांगताना आवाज इतका बसला की ती म्हणाली, "मोठ्याने बोल." मग मोठ्याने सांगावं लागलं, आणि मोठ्याने सांगितल्यावर ते आरोपासारखं वाटलं.

आईने हातातला रुमाल उलगडला, पुन्हा घडी घातली.

"देवाशी माझा सौदा करताना मला विचारलं होतंस?"

"तू दवाखान्यात होतीस."

"नंतर तर घरी होते ना! एकोणचाळीस वर्षं घरीच आहे." तिचा श्वास चढला. "म्हणजे मी जगले ती तुझ्या ताटावर. आणि वर मीच मेली डावावर डाव वाढत राहिले तुला. माझ्याच हाताने."

"आई, तसं नाही…"

"मग कसं? सांग की."

मी पुढचा रुमाल उचलून तिच्या हातात दिला.

तीन दिवस आईने वाढलं नाही. जेवणाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी माझं वाढून घेतलं, वाटीत, आणि वाटी संपवली. नेम मोडायची वेळच आली नाही. पण घर असं झालं होतं की कोणी तरी गावाला गेलंय आणि निरोप देऊन गेलं नाही. यांनी एकदा "आई, मला तरी वाढा," म्हणून पाहिलं. "तुम्हाला हात आहेत," एवढंच उत्तर आलं.

ऑपरेशनला अकरा दिवस उरले असताना मी डॉक्टरांना फोन केला. तीन महिने पुढे ढकला म्हटलं. ते म्हणाले, ढकलतो, वही माझ्याकडे आलीय, पण कदाचित तरीही करावं लागेल. साखर थांबत नाही, वाट बघत बसू नका. मी मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे मागाहून लक्षात आलं.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानातून आले तर आई स्वयंपाकघरात उभी होती. पातेल्याचा काठ धरून.

"बस," म्हणाली.

तिने वाढलं. हात तोच, अंदाज तोच, आणि वरून आणखी एक डाव घालायला गेला तो हात मध्येच थांबला. डाव पातेल्यात परत गेला. तरी ताटात माझ्या पोटाच्या दुप्पट होतं.

"मला बेताचं वाढता येत नाही," ती म्हणाली. "या वयात आता कुठे शिकू? तू ठेवायला शीक. मी इथेच बसते."

मी देवाचं नाव घेतलं आणि जेवायला लागले. आहाराच्या बाईंनी सांगितलं होतं, वीस मिनिटं, मग चमचा खाली. घड्याळ समोर होतं. पंधराव्या मिनिटाला छातीखाली ते दाटून आलं, जे मला चार वर्षं दर जेवणात येत होतं आणि मी ज्याला 'जरा थांबूया' म्हणत होते. ते 'पुरे' होतं.

ताटात चार चमचे भात उरला होता, भाजीचा रस लागलेला. मी चमचा खाली ठेवला. हात मांडीवर ठेवले, मग मांडीखाली दाबून धरले. नऊ वर्षांच्या मुलीला मोरीत जाऊन मी काय सांगणार होते?

"ठेवलंस?" आईने विचारलं.

"ठेवलं."

तिने हात पुढे करून ताट चाचपलं. बोटांना भात लागला तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. ताट उचलून ती भिंतीला धरत मोरीकडे गेली आणि मला घासण्याचा आवाज आला. मग पाणी वाहायचं थांबलं, आणि काहीच ऐकू येईना. भांडं नाही, पाऊल नाही, खोकला नाही. मी उठायला गेले, गुडघा अडला. "आई?" म्हणाले, पण माझा आवाज म्हणजे काय, शेजारच्या खुर्चीपर्यंतही जाईना.

"आहे गं," ती तिकडून ओरडली. "हात पुसतेय. आहे."

आता याला पाच आठवडे झाले. वजन अडीच किलो उतरलंय. साखर अजून ऐकत नाही, गुडघेही नाहीत. डॉक्टरांची तारीख भिंतीवर लिहून ठेवलेली आहे. मी रोज थोडं ताटात ठेवते, आणि चमचा खाली ठेवला की रोज हात मांडीखाली दाबून धरते. आई रोज ते ताट घेऊन जाते. मी काही विचारत नाही. चमचा ठेवल्याचा आवाज झाला की ती आतून आपणहून सांगते, कधी चिडून, कधी दुसरंच काही करता करता.

"आहे गं. आहे."